राबणाऱ्या पायांनाही हवी निगा

'पेडिक्युअर' हा शब्द आता तालुक्याच्या गावातल्या ब्युटी पार्लरच्या पाटीवरही दिसू लागला आहे. शब्द मोठा असला तरी अर्थ साधा आहे. पेडिक्युअर म्हणजे पायांची निगा. पार्लरमधली बाई पाय कोमट पाण्यात भिजवते, टाचा घासते, नखे कापते आणि शेवटी तेल किंवा क्रीम चोळते. एवढ्या चार कामांचे ती काहीशे रुपये घेते. आपल्या मोरीत, अंगणात किंवा बाजेवर बसून होणार नाही असे या चारांत एकही काम नाही.

पण हे आयाबहिणींना सांगायला गेले की हसून एकच उत्तर येते, "आपल्या पायाले कोन पाहाते बाई?" या प्रश्नात लाज आहे, थकवा आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची सवयही आहे. म्हणून या वेळी कुटुंबाच्या पानावर आम्ही पायांविषयी लिहायचे ठरवले. हा सौंदर्याचा धडा नाही. ज्या पायांवर आपली घरे उभी राहिली, त्या पायांचा हा हिशेब आहे.

अड्याळच्या बांधीतले पाय

अड्याळ हे भंडारा-पवनी रस्त्यावरचे, पवनी तालुक्यातले मोठे गाव. हा सारा मुलूख धानाचा आणि तलावांचा. इथल्या बाईच्या पायाकडे पाहिले तर वर्षाचे कॅलेंडर वाचता येते. मिरगाचा पाऊस पडला की पऱ्हे टाकायचे. मग आषाढ-श्रावणात रोवणी. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वाकून, घोटाभर चिखलात उभे राहून, मागे मागे सरकत रोपे लावायची. पाय पाण्यातून निघतात ते फक्त भाकरी खाण्यापुरते, धुऱ्यावर. कापणीला त्याच बांधीत धसकटे टोचतात. हिवाळ्यात कोरडा वारा टाचांना भेगा पाडतो. उन्हाळ्यात मोहफुले वेचायची, तेंदूपाने तोडायची, तेव्हा काटे आणि तापलेली माती. घरी बसून विडी वळणाऱ्या बाईचे पाय तासन्‌तास मांडीखाली दुमडलेले. पुरुषांचे पाय वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर, ट्रकच्या हौद्यात.

एवढे सोसणाऱ्या पायांना दिवसाकाठी मिळते काय? दारात एक तांब्या पाणी. तेही घाईत, एका पायाने दुसरा पाय घासून. बोटांच्या बेचक्यातला चिखल तसाच राहतो. मग चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते, रात्रभर खाज सुटते. टाचांच्या भेगांतून रक्त येते, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधी. मजुरी बुडवून डॉक्टरकडे जाणे परवडत नाही, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. म्हणूनच श्रीमंत घरातल्या बाईपेक्षा मजूर बाईला घरच्या पेडिक्युअरची गरज जास्त आहे.

ज्या पावलांचे ठसेही पुसले गेले

आपल्या पायांकडे पाहण्याची लाज आपल्यात आली कुठून? ती आपोआप आलेली नाही. पुरुषसूक्ताने शूद्राचा जन्म पायांपासून झाल्याचे सांगितले. पाय खालचा, म्हणून पायापासून झालेला माणूस खालचा. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी या सूक्ताची कसून तपासणी केली. त्याआधी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या प्रसिद्ध निबंधात त्यांनी पेशवाईतल्या पुण्याची हकीकत नोंदवली आहे. तिथे अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावे लागे. ज्या धुळीत त्याचे पाऊल पडले ती धूळ त्यानेच झाडायची, म्हणजे मागून येणाऱ्या सवर्णाला विटाळ होणार नाही.

पाऊल उमटवण्याचीसुद्धा मोकळीक नव्हती, मग पाय सजवण्याची कुठून असणार? कित्येक गावांत पायात वहाण घालून वरच्या आळीतून जाण्याची मनाई होती. वहाणा हातात किंवा डोक्यावर घेऊन ती आळी ओलांडलेल्या पिढ्या आपल्याच आहेत. पायांकडे दुर्लक्ष करायला आपण स्वतःहून शिकलो नाही, ते आपल्याला शिकवले गेले.

बाबासाहेबांनी ही शिकवण उलटी फिरवली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषदेसाठी जमलेल्या महिलांना त्यांनी लुगडे नेसण्याची रीत बदलायला आणि जातीची खूण ठरलेले जडजड दागिने टाकायला सांगितले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला महिला परिषद भरली. तिथेही त्यांनी भगिनींना स्वच्छ राहण्याचा आणि मुलामुलींना शिकवण्याचा उपदेश केला. स्वच्छता ही त्यांच्या लेखी स्वाभिमानाची पहिली पायरी होती. अंगावरच्या कापडाला जो नियम, तोच पायांना का नसावा?

तथागतांनी पायांसाठी केलेले नियम

आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, पण पायांची निगा हा विनयपिटकातला विषय आहे. गाव आणि जंगल पायी तुडवणाऱ्या भिक्खूंच्या पायांचा तथागतांनी बारकाईने विचार केला होता.

महावग्गात सोण कोळिविस या श्रीमंत घरच्या तरुणाची हकीकत आहे. तो भिक्खू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात इतक्या जिद्दीने चंक्रमण करू लागला, की त्याचे तळवे फुटून चालण्याची वाट रक्ताने माखली. तथागतांनी त्याला वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तर बरोबर वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. मग त्याच्या नाजूक पायांसाठी त्याला एका तळाची वहाण वापरण्याची परवानगी दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेतली नाही. सगळ्या संघाला मिळत असेल तर मीही वापरीन, असे तो म्हणाला आणि तथागतांनी ती परवानगी सगळ्या संघाला दिली. वहाण हा एकाचा मान न राहता सर्वांचा हक्क झाला. ज्यांच्या पूर्वजांना वहाण नाकारली गेली त्यांनी ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी.

त्याच ग्रंथात पिलिंदवच्छ नावाचे थेर आहेत. त्यांच्या पायांना भेगा पडल्या होत्या. तथागतांनी पायांना तेल चोळायला आणि पायांसाठी औषध तयार करायला अनुमती दिली.

चुल्लवग्गातली विशाखेची गोष्ट तर आमच्या विषयाला अगदी लागून आहे. महाउपासिका विशाखा एकदा तीन वस्तूंचे दान घेऊन आली. पाण्याचे भांडे, झाडू आणि पाय घासण्याची नक्षीदार घासणी. तथागतांनी भांडे आणि झाडू स्वीकारला, नक्षीची घासणी स्वीकारली नाही. पण पाय घासूच नका असे काही ते म्हणाले नाहीत. दगड, खापरी आणि समुद्रफेस अशा तीन साध्या घासण्यांना त्यांनी परवानगी दिली. आपल्या आज्या ज्या खापरीने टाचा घासत, ती खापरी त्या यादीत आहे!

नखांचेही तसेच. काही भिक्खू हातापायांची वीसही नखे घासूनपुसून चकचकीत करून घेत. लोकांनी नावे ठेवली. तेव्हा तथागतांनी चकाकी बंद केली, पण मळ काढण्याची आणि नखे मांसापर्यंत कापण्याची मुभा ठेवली. थाट नको, स्वच्छता आणि औषध मात्र हवे, असा हा मध्यम मार्ग आहे. हा नियम भिक्खूंचा आहे. घरातल्या मुलीने हौसेने नखांना रंग लावला तर तिला या गोष्टीचा धाक दाखवू नये.

अड्याळहून पुढे वैनगंगेकाठी पवनी आहे. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा प्राचीन स्तूपाचे अवशेष उजेडात आले. म्हणजे आपण तुडवतो त्याच मातीतून दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू चालत होते. त्या काळच्या शिल्पांत, सांची आणि भरहुतला, बुद्धांची मूर्ती कोरत नसत, त्यांच्या पावलांचे ठसे कोरत. एका व्यवस्थेने आपले ठसे पुसायला लावले. दुसऱ्या परंपरेने पावलालाच वंदन केले. आपण कोणत्या परंपरेचे, हे वेगळे सांगायला नको.

घरचे पेडिक्युअर : अर्ध्या तासाचे काम

आठवड्यातून एक रात्र ठरवा. बाजाराच्या आदल्या दिवशीची रात्र सोयीची. सामान घरातलेच. एक घमेले किंवा टब, अंगाचा साबण, वज्री किंवा गुळगुळीत खापरी, नेलकटर, जुन्या सुती लुगड्याचे मऊ फडके, आणि खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन. आमचा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. कोणाच्या घरी आजीच्या वेळचे पितळी घंगाळ माळ्यावर पडले असेल तर तेच काढा.

आधी पाय पाहा. दिव्याजवळ बसा. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरा, नाहीतर मुलाला पाहायला सांगा. काटा, जखम, फोड, सूज, रंग बदललेले नख आहे का? उघडी जखम असेल तर त्या दिवशी भिजवणे आणि घासणे नको. फक्त साबणाने धुवून कोरडे करा.

मग भिजवा. पाणी कोमट असावे, कढत नको. हाताच्या कोपराने पाहा. कोपराला सोसले तर पायाला सोसेल. दहा-पंधरा मिनिटे पुरे. तासभर भिजवले तर कातडी उलट जास्त कोरडी होते. मीठ टाकले नाही तरी चालते. भेगा ओल्या असतील तर ते झोंबते.

मग घासा. टाच आणि तळव्याची कड वज्रीने हलक्या हाताने, एकाच दिशेने घासा. एका बैठकीत सगळी जाड कातडी काढायचा हट्ट नको. कातडी जाड झाली ती पायाने स्वतःला वाचवायला. थोडी थोडी काढली की चार-सहा आठवड्यांत टाच मऊ होते. ब्लेडने, चाकूने किंवा विळ्याच्या टोकाने कातडी कधीही सोलू नका. धनुर्वात असाच घरात येतो.

मग नखे. भिजलेली नखे मऊ असतात, तेव्हाच कापा. अंगठ्याचे नख सरळ रेषेत कापा, कोपरे गोल करून आत कोरू नका. कोरलेला कोपरा वाढताना मांसात घुसतो, पिकतो आणि मग चालणे बंद. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी पार्लरमध्ये कापतात, ती कापू नका. ती जंतू अडवणारी कड आहे. घरात एकच नेलकटर असेल तर प्रत्येकाच्या आधी आणि नंतर साबणाने धुवून पुसा. ज्याच्या नखाला बुरशी आहे त्याचे नेलकटर वेगळे ठेवा.

मग कोरडे करा. पुष्कळ घरांत हीच पायरी गाळली जाते. फडक्याचे टोक प्रत्येक बेचक्यात घालून पाणी टिपा. पाच बोटांची चार बेचकी, दोन पायांची आठ. आठही मोजा.

शेवटी तेल. पाय पुरते सुकण्याआधी, कातडी किंचित दमट असतानाच टाचांना आणि तळव्याला तेल किंवा व्हॅसलीन चोळा, म्हणजे ओलावा आत राहतो. बोटांकडून घोट्याकडे चोळत या, थकवा उतरतो. बेचक्यांत मात्र तेल नको, तिथे ओल धरते. मोहाच्या बियांचे तेल आपल्याकडे पूर्वीपासून पायांना लावतात, कोकणात कोकमाचे तेल लावतात. जे हाताशी आहे ते लावा. टाचा फार फुटल्या असतील तर रात्री जुने सुती मोजे घालून झोपा.

हे आठवड्याचे काम झाले. रोजचे काम तीन मिनिटांचे. साबणाने धुवा, आठ बेचकी पुसा, टाचांना तेल लावा.

रोवणीच्या दिवसांत

चिखलात गमबूट रुतून बसतात, रोवणीला ते घालून चालत नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून शहरी सल्ला न देता बांधीला चालेल असे सांगतो. सकाळी निघताना पायांना आणि त्या दिवसापुरते बेचक्यांतही तेल किंवा व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. पाणी कातडीत मुरायला वेळ लागतो. दुपारी भाकरीला बसाल तेव्हा पाय स्वच्छ पाण्याने धुवून, पुसून, उन्हात पसरून बसा. तेवढ्या वेळात कातडी श्वास घेते. पिशवीत भाकरीबरोबर एक कोरडे फडके ठेवा. घरी आल्यावर साबणाने धुवा आणि रात्रभर पाय कोरडे राहू द्या.

चिखल्या झाल्याच, तर बेचक्यातली पांढरी कातडी ओढून काढू नका. ही बहुधा बुरशी असते. पाय कोरडे करून क्लोट्रिमाझोलचे साधे मलम दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावा. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून मलमही थांबवतात, आणि बुरशी परत येते. मेडिकलच्या दुकानात 'लवकर गुण येतो' म्हणून स्टेरॉइड मिसळलेली मलमे हातात पडतात. त्यांनी आज आराम वाटतो, उद्या बुरशी पसरते. स्टेरॉइड नसलेले मलम द्या, असे स्पष्ट सांगा. घरची मेंदी लावायची तर लावा, पण केस काळे करायची रंगाची मेंदी नको. रॉकेल, चुना, तंबाखू किंवा राख जखमेत भरू नका.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बांधीच्या पाण्यात उंदरांचे आणि गुरांचे मूत मिसळते. पायाला चीर असेल तर त्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरू शकतात. चिखलात काम केल्यावर काही दिवसांत ताप, अंगदुखी, पोटऱ्यांत कळा आणि डोळ्यांना लाली आली तर साधा ताप समजून घरी बसू नका. आपण बांधीत काम करतो, हे डॉक्टरला आठवणीने सांगा. वेळेवर औषध मिळाले तर हा आजार बरा होतो. काटा किंवा खिळा रुतला तर धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवा, आठवत नसेल तर घ्या.

जपून हात लावायचे पाय

काही घरांत पाय धुण्याचे हे काम औषधाइतकेच मोलाचे आहे.

पहिले घर साखरेच्या आजाराचे. मधुमेहाने पायाची जाणीव हळूहळू जाते. चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, खिळा टोचलेला कळत नाही, कढत पाणी पोळलेले कळत नाही. अशा माणसाने पाय भिजत ठेवू नये, कुरूप कापू नये, कुरूपाच्या औषधी पट्ट्या लावू नयेत, घरातसुद्धा अनवाणी फिरू नये. रोज रात्री घरातल्या कोणीतरी त्याचे तळवे दिव्याखाली पाहावेत. सकाळी चप्पल झाडूनच पायात घालावी. वाटाण्याएवढी जखमही दोन दिवसांत सुकली नाही, तर तिसऱ्या दिवशी दवाखाना गाठावा. पाय कापावा लागण्याची सुरुवात पुष्कळदा अशाच एका न पाहिलेल्या जखमेने होते.

दुसरे घर कुष्ठरोगाचे. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार अजून सापडतो. अंगावर न खाजणारा, न दुखणारा, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात बहुविध औषधोपचार मोफत आहे आणि तो ६ किंवा १२ महिन्यांत पुरा होतो. औषधाने रोग बरा होतो, पण गेलेली जाणीव नेहमीच परत येते असे नाही. म्हणून अशा पायांसाठी रोजची पद्धत ठरलेली आहे. साध्या पाण्यात वीस मिनिटे भिजवणे, जाड कातडी दगडाने हलकेच घासणे आणि ओल्या पायालाच तेल लावणे. जखम असेल तर आधी दवाखान्यात दाखवावी. तळव्याला मऊ असणारी एमसीआर रबराची चप्पल दवाखान्यात मागून घ्या.

तिसरे घर हत्तीपायाचे. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली हा पट्टा हत्तीरोगासाठी जुना ओळखीचा. घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासाने हा रोग पसरतो. हत्तीपाय झालेल्या बाईला लोक टाळतात, लग्नाला बोलवत नाहीत, तिच्या शेजारी बसत नाहीत. पण हत्तीपाय शिवल्याने लागत नाही आणि तो मागच्या जन्मीच्या कर्माचे फळही नाही.

सुजलेला पाय पूर्ववत होणे अवघड, हे खरे. पण पुन्हा पुन्हा येणारा ताप, वेदना आणि वाढती सूज रोखता येते, आणि त्याचे मुख्य साधन पाणी आणि साबण हेच आहे. रोज गुडघ्यापासून खाली साध्या पाण्याने, हाताने, ब्रश न वापरता धुवावे. घड्यांत आणि बेचक्यांत साबण पोचू द्यावा. मऊ फडक्याने टिपून कोरडे करावे. चीर दिसेल तिथे दवाखान्यातले मलम लावावे. झोपताना बाजेच्या पायथ्याखाली विटा ठेवून पाय उंच करावे. दिवसातून काही वेळा घोटा वर-खाली, गोल फिरवावा. ताप येऊन पाय लाल झाला तर मात्र व्यायाम आणि चोळणे बंद, थंड पाण्याचे फडके ठेवून डॉक्टरकडे जावे. सरकारी कार्यक्रमातून रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल आणि मलमाचा संच दिला जातो. मिळाला नसेल तर आशाताईंकडे किंवा अड्याळच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा.

हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला आशाताई दारात येतात तेव्हा 'मला काय झालंय?' म्हणून गोळ्या पदरात बांधून ठेवू नका, तिच्यासमोर घ्या. रोगाचे जंतू वर्षानुवर्षे अंगात राहतात आणि वरून काहीच दिसत नाही. दोन वर्षांखालील मुले, गरोदर बाया आणि फार आजारी माणसे सोडून बाकी सगळ्यांसाठी त्या गोळ्या आहेत.

कोणाचे पाय कोणी धुवायचे?

शेवटचा मुद्दा घरातल्या पुरुषांसाठी. पाय धुवायला पाणी देणे, पाय चेपणे ही कामे बायकांची, ही रीत आपण कुठून आणली? विनयात आजारी भिक्खूची एक प्रसिद्ध हकीकत आहे. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला स्वतः तथागतांनी आणि आनंदांनी धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला सांगितले, की जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची सेवा करावी. ज्यांच्या पावलांना जग वंदन करते त्यांनी दुसऱ्याचे अंग धुतले, मग दिवसभर रोवणी करून आलेल्या बायकोसाठी नवऱ्याने घमेलेभर पाणी तापवून ठेवले तर त्याचे काय कमी होणार आहे? मुलाने आजीची नखे कापावीत. आजीला वाकता येत नाही, दिसत नाही, म्हणून तिची नखे वळून मांसात जातात आणि ती बोलत नाही. सुनेने सासूच्या टाचांना तेल लावावे, सासूने सुनेच्या. घरातली ही समता रात्री अर्ध्या तासात शिकता येते.

आमची एक सूचना आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो आणि आपल्या विहारांत संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. रोवणी नेमकी याच काळात येते. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर महिला मंडळाने एक सतरंजी वेगळी अंथरावी आणि म्हाताऱ्या माणसांचे, साखरेच्या रुग्णांचे पाय एकदा पाहून घ्यावेत. जमले तर आशाताईंना बोलवावे. खर्च काही नाही. जखम वेळेत दिसली तर एखाद्या घरातला कर्ता पाय वाचेल.

बहुतेक घरांतून कोणी ना कोणी दर वर्षी दीक्षाभूमीला जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतले कित्येक जण पायी, बैलगाडीने, मिळेल त्या वाहनाने नागपूरला पोचले होते. त्या भेगाळल्या, धुळीने माखलेल्या पायांनी आपल्याला इथवर आणले. यंदा नागपूरला निघण्याच्या आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी घमेल्याभोवती बसावे, एकमेकांचे पाय पाहावेत, धुवावेत, आठही बेचकी पुसावीत. आणि पुन्हा कोणी विचारले, आपल्या पायांकडे कोण पाहते, तर सांगावे, आम्ही पाहतो.

जयभीम!